माझ्या बेटावर विष्णूकाका

मंगळवारी सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलो होतो, तेव्हा फोनवर एक फोटो आला. त्यात फक्त दोन पाय होते. गुडघ्यापर्यंत दुमडलेली राखाडी पॅन्ट, तिच्याखाली कधीच उन्हात न गेलेल्या पोटऱ्या, आणि त्यांच्याखाली पाणी. पाणी इतकं स्वच्छ, की उजव्या अंगठ्याचं वाढलेलं नखसुद्धा दिसत होतं. सोबत मजकूर: "सिद्धेश, पाणी बरं आहे."

बरं आहे! ग्रीसचा समुद्र, नाक्सोस बेटाचा पूर्व किनारा, सप्टेंबर महिना. ज्या पाण्यासाठी मी चार वर्षं झुरतोय, त्याला हा माणूस 'बरं' म्हणत होता. नगरपालिकेचा टँकर आल्यासारखं.

मी मूळचा दर्यापूरचा. गावाच्या नावात दर्या आहे, पण खरा दर्या तिथून सहाशे किलोमीटर तरी लांब. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि लाज वाटू नये म्हणून मित्रांना सांगितलं होतं की लहानपणी एकदा येऊन गेलोय. आता राहतो डब्लिनला. हे डब्लिन ओहायोमधलं. आयर्लंडमध्येही एक आहे, आणि दोन्हींची गल्लत करून आईने अख्ख्या दर्यापूरला मी युरोपात असल्याचं सांगून ठेवलंय. इथेही समुद्र नाही. सिमेंटच्या कणसांचं एक शेत आहे, माणसाहून उंच कणसं, कला म्हणून उभी केलेली. विदर्भातून निघून माणूस कुठवर पोचतो, तर पुन्हा शेतात, आणि तेही पीक न येणाऱ्या.

म्हणून मी नाक्सोसचा प्लॅन केला होता. एक्सेलमध्ये. एका शीटवर गर्दीचे आणि बिनगर्दीचे किनारे, एकावर डोंगरातली गावं, एकावर बसच्या वेळा. कोणत्या किनाऱ्यावर दुपारी वारा सुटतो, कोणत्या गावात संगमरवराच्या गल्ल्या आहेत, सगळं. जाणं मात्र होत नव्हतं. माझ्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे. इथे राहायला, काम करायला काही अडचण नाही. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का लागतो, त्याची तारीख मिळता मिळत नाही, आणि तोवर मॅनेजर माझी खुर्ची दुसऱ्याला देऊन मोकळा होईल. तर मी प्लॅन करत बसलो, आणि गेले विष्णूकाका.

विष्णूकाका म्हणजे नकाराचं चालतंबोलतं ऑफिस. वय साठ, मूळ नागपूर, सत्तावीस वर्षं एकाच इन्शुरन्स कंपनीत. तिथले जुने अवाढव्य मेनफ्रेम कॉम्प्युटर सांभाळतात. कुणालाही चालू सिस्टिममध्ये नवं काही टाकायचं असेल, तर काकांची परवानगी लागते, आणि ते ती देत नाहीत. शुक्रवारी दुपारनंतर तर कागद न बघताच नो. त्यांच्या या नो-मुळे कंपनी आजवर एकाही शनिवारी बंद पडली नाही, असं ते सांगतात, आणि ते खरंही असावं. गडबड एवढीच, की ही नोकरी ते घरी घेऊन यायचे.

घरी त्या नो-चं 'नै' व्हायचं. नागपूरकडचं, तोंड अर्धवट उघडून म्हटलेलं नै. 'नाही' म्हणायला थोडा तरी विचार लागतो, श्वास लागतो. नै आपोआप निघतं. सोफा बदलू या? नै. शिवांगीकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, श्रूजबरीला चार दिवस जाऊ या? नै, तीच येईल. अजून एक पोळी? नै. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला नायगराला गेले, कारण बसमध्ये ढकलले गेले. तिथे बोटीवर चला म्हटलं तर नै. सगळे धबधब्याखाली भिजत होते, आणि काका काठावर बाकावर बसून अकरा जणांच्या पिशव्या सांभाळत होते. त्या सहलीच्या ग्रुप फोटोत ते नाहीत. पिशव्या आहेत.

वीणाकाकू याच्या अगदी उलट. त्या डब्लिनच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करतात. लोकांनी परत केलेली पुस्तकं ट्रॉलीवरून कपाटात लावतात. युरोपच्या प्रवासाच्या पुस्तकांचा नंबर ९१४. त्या कपाटाशी आल्या की काकूंची ट्रॉली पंधरा मिनिटं हलत नाही, हे तिथली सुपरवायझरसुद्धा मान्य करते. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. काका जेवण आटोपून टीव्हीसमोर गेले, की मी लॅपटॉप उघडायचो आणि काकू पुस्तकातून टिपून आणलेलं सांगायच्या. "मुत्सूनाला दगडी धक्का आहे, लिही. आणि तिथे पोचायला डोंगरावरून वळणं वळणं, लिही." प्लॅन माझा म्हणतो मी, पण निम्मा त्यांचाच होता. आम्ही दोघं चोरून समुद्र बघत होतो म्हणा ना.

त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा शिवांगीने आईबाबांची नाक्सोसची तिकिटं काढून पाठवली. नऊ दिवसांची. काका नै म्हणाले. काकू म्हणाल्या, "यावेळी विचारत नाहीये, सांगतेय." मी माझी एक्सेल शीट छापून, पानांना क्लिप लावून काकूंच्या हातात दिली. हसत दिली. तोंड दुखेपर्यंत हसत दिली.

आणि निघायला दहा दिवस उरले असताना काकूंचा घोटा मोडला. गणपतीच्या मिरवणुकीच्या लेझमीची तालीम एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये चालली होती. तिथे स्पीड ब्रेकर होता, आणि लेझीम खेळताना खाली कोण बघतं?

मी भेटायला गेलो तेव्हा काकूंचा पाय उशीवर होता आणि काकांच्या चेहऱ्यावर शुक्रवार दुपारचं समाधान.

"चला," ते म्हणाले, "कॅन्सल. देवालाच मंजूर नव्हतं."

"तुम्ही जा," काकू म्हणाल्या.

"कोण, मी?"

"दुसरं कोण आहे? सिद्धेशला तर जाता येत नाही."

"नै."

"अहो, ऐकून घ्या. पस्तीस वर्षं मी तुम्हाला ओढून नेतेय. तुम्ही माझ्याबरोबर कुठे आलाच नाहीत, माझ्या पिशवीबरोबर आलात. आता एकदा एकटे जा. मी नसेन तिथे, त्यामुळे रुसायला कुणी नसेल. बघा आवडतंय का. आवडलं तर घरी येऊन मला एवढंच म्हणा, वीणा, चल. पुढच्या वर्षी जाऊ दोघं. मला दुसरं काही नको."

"आणि नै आवडलं तर?"

"तर मी ९१४ वाचेन. इतकी वर्षं वाचतेच आहे."

काका दोन दिवस नै म्हणत राहिले. काकूंनी बोलणं बंद केलं. काकांच्या गोळ्यांच्या वेळा काकूंच्या डोक्यात असतात. त्या बोलेनात, तेव्हा तिसऱ्या दिवशी काकांनी ब्लडप्रेशरची गोळी दोनदा घेतली आणि सोफ्यावर आडवे झाले. शिवांगीचा फोन आला. तिकडून ती म्हणाली, "बाबा, जस्ट गो." गेले. नऊ दिवस काकूंच्या सोबतीला शुभामावशी राहायला आल्या. काकूंची जुनी मैत्रीण, रिटायर झालेली फार्मासिस्ट, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. गोळ्यांच्या बाबतीत घर एकदम सुरक्षित झालं.

रविवारी काका बेटावर उतरल्याचा निरोप आला, आणि त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. मी निवडलेल्या हॉटेलात फोन केला, तर पाहुणे आलेच नाहीत म्हणे. काकू घाबरल्या. मीही घाबरलो, पण घाबरता घाबरता एक विचार मनात आलाच: त्या हॉटेलच्या गच्चीतून सूर्यास्त दिसतो, आणि ती गच्ची रिकामी आहे. मग मंगळवारी ते पाय आले.

झालं होतं असं. बोटीवरून उतरल्यावर बंदरावर एक माणूस आला. नाव मानोलिस. त्याने विचारलं, "रूम?" काका म्हणाले, "नै." त्याने बॅग उचलली. काका जोरात म्हणाले, "नै, नै!" त्याने हसून बॅग पिकअपमध्ये बटाट्याच्या पोत्यांवर टाकली. काकांनी मान हलवली, आपली हलवतो तशी, डावी-उजवी, झोका दिल्यासारखी. त्याने दार उघडून त्यांना आत बसवलं. चाळीस वळणं चढून ते अपिरांथोस नावाच्या गावात पोचले. हे माझ्या यादीत नववं होतं, 'वेळ उरला तर'. तिथे मानोलिसची म्हातारी आई, कालिओपी, वाटच बघत होती. तिने ताटलीत ऑलिव्ह तेलात तळलेले बटाटे वाढले. अजून? नै. अजून वाढले. चीज? नै. चीज आलं. छोट्या ग्लासात पाण्यासारखं काही ओतलं. ते पाणी नव्हतं. काकांनी हात आडवा धरून नै नै नै म्हटलं, तर मानोलिसने आनंदाने बाटलीच समोर ठेवली.

"अबे, काय आग्रह आहे इथं!" काकांनी फोनवर मला सांगितलं. "आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत एवढा नै करत कोणी. मी जितकं नै म्हणतो तितकं वाढतात."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच. हसू दाबल्यासारखा.

"सिद्धेश, एक सांगू? इथं नै म्हणजे हो."

"म्हणजे?"

"शाळेतला एक मास्तर भेटला कॉफीच्या दुकानात. त्याला इंग्लिश येतं. तो म्हणे, तुम्ही पहिले भारतीय आहात जे सगळ्याला हो म्हणता. अबे, यांच्या भाषेत हो म्हणजे 'ने'. माझं नै यांना तसंच ऐकू येतं. मी तीन दिवस नुसता हो म्हणत सुटलो होतो!"

"मग नाही कसं म्हणायचं असतं?"

"ओही म्हणतात."

"मग म्हणालात का?"

पलीकडे भांडी वाजली. कोणीतरी त्यांना काही विचारलं.

"नै," काका तिकडे म्हणाले, आणि मग फोनमध्ये, हळू आवाजात: "हे तुझ्यामाझ्यात राहू दे बरं का."

त्यानंतरचे सहा दिवस माझे फार वाईट गेले. सकाळी ऑफिसला जाताना काकांचा व्हॉइस मेसेज. आज मानोलिसबरोबर खाली मुत्सूनाला उतरलो, धक्क्यावर आम्ही दोघंच, तिसरी मांजर. आज एका किनाऱ्यावर गेलो, त्याला नावच नाही म्हणतात. नाव नाही! माझ्या यादीत चौदा किनारे होते, सगळे नावानिशी, आणि हा माणूस पंधराव्यावर बसून अंजीर खात होता. मी विचारलं, "काका, सेंट जॉर्जच्या किनाऱ्याला गेलात का, किंवा अलीकोला?" तर म्हणे, "नै बा, तिकडे गर्दी असते म्हणतात." अहो, ते मीच लिहिलंय त्या शीटमध्ये! मी ओहायोत ट्रॅफिकमध्ये बसून इतका जळत होतो, की गाडीत हीटर लावायची गरज नव्हती.

आठव्या दिवशी व्हिडिओ आला. गावातला कसला तरी उत्सव. चौकात माणसं एकमेकांचे हात धरून रांगेत नाचतायत, आणि रांगेत पाचवे आमचे काका. स्वतःच्या वरातीत हा माणूस पाय हलवायला तयार नव्हता. हे काकूंनीच मला कितीदा सांगितलंय. इथे पावलं चुकत होती, पण थांबत नव्हती. मी व्हिडिओ काकूंना दाखवला. त्यांनी चार वेळा बघितला.

"हात बघ कसा धरलाय."

"काकू, ती कालिओपी आहे. ऐंशी वर्षांची आहे."

"वयाचं काय घेऊन बसलास? धरलाय ना घट्ट?"

शुभामावशी म्हणाल्या, "वीणा, अगं म्हातारी पडेल म्हणून धरला असेल."

"पडले होते ती मी," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन मला परत दिला आणि मोडलेल्या घोट्याला डॉक्टरांनी घातलेला बूट उगाच सैल करून पुन्हा आवळला.

काका परतल्यानंतरच्या रविवारी त्यांच्याकडे आम्ही तिघं जमलो: काकू, शुभामावशी, मी. काकांनी सगळी हकिकत सांगितली, आणि काय रंगवून सांगितली! सत्तावीस वर्षं मेनफ्रेमसमोर बसलेल्या माणसात इतका मालमसाला असेल असं वाटलं नव्हतं. पिकअप, बटाटे, ग्लासातलं ते पाणी. "आणि मला नऊ दिवस पत्ताच नै! शेवटच्या दिवशी निघताना कळलं!" असं म्हणून त्यांनी टाळी दिली. काकू इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बिच्चारे," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस फसले!" त्यांचा हात काकांच्या खांद्यावर होता. मला वाटतं, त्या क्षणी काका 'वीणा, चल' म्हणणारच होते. त्यांनी ग्लास खाली ठेवून काकूंकडे तोंडही वळवलं होतं.

आणि मी बोललो. का बोललो ते मला माहीत आहे. नऊ दिवसांचं माझ्या पोटात साचलेलं होतं, ते अंजीर, ते बिननावाचं पाणी. आणि आता वर हा खांद्यावरचा हात. सगळंच या माणसाला कसं काय मिळतं?

"पण काका," मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं ना त्या मास्तरने?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. काकूंचा हात खांद्यावरच होता, पण आता तो ठेवलेला नव्हता, राहून गेलेला होता.

"तिसऱ्या दिवशी?" काकूंनी विचारलं.

"अगं, ते असंच..."

"म्हणजे पुढचे सहा दिवस तुम्हाला माहीत होतं. हो म्हणतोय ते."

"गंमत होती ती, वीणा."

"दारूला हो. नाचायला हो. बिननावाच्या किनाऱ्याला हो."

"दारू नै ती, घरी काढतात, द्राक्षांची..."

"मला वाटायचं तुम्हाला जमतच नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "काही माणसांना पोहता येत नाही, तसं. त्याला कोणी रागवतं का? पस्तीस वर्षं मी तेवढ्यावर गप्प बसले. तुम्हाला तर चांगलं येतंय की पोहता."

शुभामावशींनी ताटं गोळा करायला घेतली. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या म्हातारीचा हेवा वाटतो बघ मला. आठवड्याची ओळख, आणि तिला मिळालं." मी घरी गेलो. दोन रविवार तिकडे फिरकलो नाही. मला पोटाचं काही झालंय असं सांगितलं, जे एका अर्थी खरंच होतं.

थंडीत काकूंचा बूट निघाला. रोज सकाळी त्या रेक सेंटरच्या, म्हणजे गावच्या जिमच्या, ट्रॅकवर चालायला लागल्या, आधी दोन फेऱ्या, मग दहा. जानेवारीत त्यांनी मे महिन्याची नाक्सोसची दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक शुभामावशींचं. मला बोलावून म्हणाल्या, "तुझी शीट पुन्हा एकदा छापून दे रे. मागची यांनी उघडलीसुद्धा नाही. क्लिप तशीच आहे."

त्यानंतर विष्णूकाका माझ्या अपार्टमेंटमध्ये यायला लागले. शनिवारी, दुपारी, न सांगता. यायचे, सोफ्यावर बसायचे आणि माझ्या शीटमध्ये चुका काढायचे.

"ही बस इतक्या वाजता नै निघत. अर्धा तास उशिरा निघते. ड्रायव्हर कॉफी पितो."

"बरं, बदलतो."

"आणि शुभाला बस लागते. चाळीस वळणं आहेत. तिला काय सांगून नेतेय ही?"

"गोळी घेतील की. फार्मासिस्ट आहेत."

"मानोलिसला मेसेज केला मी, की वीणा येतेय. त्याचं काय उत्तर आलं माहीत आहे? वी वेट फॉर वीणा." काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "माझं नावच नै कुठं. त्याचे बटाटे मी सोलले, सहा दिवस!"

मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो. चार वर्षं मी एकटा जळत होतो; आता सोबत मिळाली. पण मग त्यांच्याकडे बघवेना. सोफ्याच्या कडेला बसायचे, जॅकेट न काढता, बोलावलं की लगेच निघायला बरं म्हणून.

"काका, तुम्ही काकूंना सांगा ना, मलाही यायचंय म्हणून."

"तिनं विचारलं कुठं?"

"ऑगस्टमध्येच विचारलंय. दोन शब्द म्हणायचे होते तुम्हाला."

"म्हणणारच होतो. तेव्हाच. पण मधे तू..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. आजवर त्या विषयावर ते मला एवढंच बोलले आहेत.

"माझं चुकलंच, काका. पण त्याला चार महिने झाले. मधे कधी म्हणाला नाहीत?"

"मला वाटलं, शांत होईल ती."

"त्या शांतच आहेत. तिकीट शांतपणे काढलंय."

"तेच तर," काका म्हणाले. "आता म्हटलं तर वाटेल, हिचं बघून हा जळतोय."

"जळताय का?"

त्यांनी शीटचं पुढचं पान उघडलं. "हे बघ, इथं डावीकडून रस्ता लिहिलाय तू. उजवीकडून आहे."

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दर शनिवारी मला वाटायचं आज हा माणूस सांगेल की म्हणालो. एप्रिलमध्ये काकूंनी नवे बूट घेतले, डोंगरात चालायचे, आणि ते वापरून मऊ करायला घरभर घालून फिरायच्या. काका म्हणाले, "सकाळी सहा वाजल्यापासून टक टक, टक टक. माझ्या डोक्यावर चालल्यासारखी." त्यांनी फर्स्ट एड किट आणून काकूंच्या बॅगेत ठेवलं. काकूंनी ते काढून शुभामावशींच्या बॅगेत टाकलं.

मे महिन्यात एका दुपारी मी सगळ्यांना कोलंबसच्या एअरपोर्टवर घेऊन गेलो. डिपार्चरच्या दाराशी गाडी लावली. शुभामावशी त्यांची बॅग घेऊन आत रांगेत जागा धरायला गेल्या. काकांनी डिकीतून काकूंची बॅग काढली, हँडल वर ओढलं आणि धरून उभे राहिले. काकूंनी हात पुढे केला. काकांनी हँडल दिलं नाही.

"अहो, द्या ना."

"वीणा."

"काय?"

मागे गाड्या लागत होत्या. पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस मला पुढे व्हायची खूण करत होता. मी इंजिन बंद केलं.

"मला यायचं होतं," काका म्हणाले.

"होतं?"

"आहे. मला यायचं आहे. तुझ्याबरोबर."

साठ वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल झालेले मी बघितले नव्हते. मला वाटलं, झालं, आता काकू विरघळणार, मिठी मारणार, कदाचित विमानच सोडणार. काकूंनी खूप वेळ त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते त्यांचे, ते मला गाडीतून दिसलं. पण मग त्यांनी काकांची बोटं हँडलवरून एकेक करून सोडवली, दुखणार नाहीत अशी.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पण यंदा मी तुमच्याशिवाय जाणार. तुम्ही नसताना मी तिथे कशी असते, ते मला बघायचंय. तुम्ही बघितलंत ना स्वतःला?"

"हो," काका म्हणाले.

"मग? आणि हे पुन्हा म्हणायचं, मी आल्यावर. घरी, स्वयंपाकघरात. एअरपोर्टवर कोणीही म्हणतं."

त्या आत गेल्या. सरकत्या दारातून त्यांचे नवे बूट जरा वेळ दिसले, मग माणसांत मिसळले. पिवळ्या जॅकेटवाल्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली.

आम्ही परत निघालो. डब्लिनला घर आलं तरी काका उतरेनात. म्हणाले, "विमान कुठं गेलं ते फोनवर दिसतं म्हणतात. कसं बघायचं?" मी ॲप टाकून दिलं. ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी, आणि आम्ही दोघं एका छोट्या पिवळ्या विमानाकडे बघत बसलो. ते सुटायलाच दीड तास लागला होता; आता ते पेनसिल्व्हेनियावर होतं.

"किती हळू चाललंय बे."

"तसंच दिसतं, काका. खरं वेगात असतं."

मला त्या माणसाचा पुन्हा हेवा वाटला, हे सांगून टाकतो. मला जाता येत नाही, ते एका शिक्क्यामुळे. एअरपोर्टवर माझी बॅग धरून उभं राहील असं तर कुणीच नाही, आणि असं कुणी असायला तर कुठला शिक्काही लागत नाही. पण हे मी त्यांना बोललो नाही. एकदा बोलून बघितलं होतं.

तासाभराने विमान न्यूअर्कला उतरलं. पिवळा ठिपका थांबला. काकांनी फोन पुसला, पुन्हा बघितला.

"पुढचं विमान कोणतं? कधी सुटतं?"

"मला नाही माहीत. शिवांगीला माहीत असेल."

"शुभाला फोन लाव."

"तुम्ही लावा ना."

"मी लावला तर वीणाला वाटेल, मी मागे मागे येतोय तिच्या."

"येत नाही आहात का?"

काकांनी सीटबेल्ट अजून काढलेला नव्हता. तो त्यांनी आता सोडला, पण उतरले नाहीत. फोन माझ्यासमोर धरला.

"येतोय," ते म्हणाले. "लाव फोन."